पाड्याचा रकाना

मंडळी, जागा करून घ्या. काकू, आणि वरच्या पाड्यांवरून जीप करून, घाट उतरून आलेल्या सगळ्या बाया-भाऊ. रमणकाकांच्या फोटोसमोर माईक धरायची माझी तयारी नाही. पण आज बोललो नाही, तर पुढे कधीच बोलणं होणार नाही.

काका ब्राह्मणपुरीचे. आपल्या आमचूर कंपनीचं गोडाऊन त्यांच्याकडे. पोतं नुसतं हुंगून ओल सांगायचे. मी मॅनेजर. म्हणजे खुर्चीवर मी आणि कामावर ते. हसा, त्यांनाही चाललं असतं.

वह्या सोडून सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, तेव्हा दोन कंपन्यांची माणसं आली. मी खर्च विचारला, रिपोर्ट विचारले. काकांनी एकच विचारलं, पाडा कुठे लिहायचा? महागात तो रकाना होता. स्वस्तात फक्त नाव, आडनाव आणि गाव. मी स्वस्त घेतलं. मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं, ते मी करून घेतलं.

यादी भरताना एकाच गावात गेंदीबाई पावरा तीनदा दिसली. मी दोन नोंदी पुसल्या. काका मागे उभे होते. म्हणाले, "भाऊ, नाव एक शे, पन बाया तीन शेतस." मी हसलो. म्हटलं, काका, हे काम कॉम्प्युटरवर सोडा.

त्या हंगामात एक पोतं ओलं निघालं. कॉम्प्युटरने नाव दाखवलं, गेंदीबाई. मी निरोप धाडला, यापुढे माल आणू नका. निरोप पोचला वरच्या पाड्यावर. ओलं पोतं खालच्या पाड्यावरच्या गेंदीबाईचं होतं.

काकांनी पोत्याची शिवण बघून ओळखलं. दुसऱ्याच दिवशी घाट चढून गेले. परत आले आणि एवढंच म्हणाले, ते दुसरं सॉफ्टवेअर घेऊ. घेतलं. आज प्रत्येक पोत्यामागे पाडा लिहिलेला असतो.

पुढच्या हंगामात गेंदीबाई आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, साहेब, काकांना कॉम्प्युटर जमत नाही, म्हणून चुकले. त्यांना कामावरून काढू नका. तेव्हा मला कळलं, काका तिथे काय सांगून आले होते. आणि मी काय केलं? म्हणालो, बरं, नाही काढत.

काकांना विचारलं, असं का सांगितलंत? म्हणाले, "मन्हावर कोन रागावनार शे? तुले वाटी तवय तू सांग."

मला वाटायला वर्षं लागली. काकांनी पुन्हा विषय काढला नाही. समोर आले की मलाच लाज वाटायची, आणि तरी मी गप्प.

गेंदीबाई, तुम्ही खांबाजवळ बसला आहात. ऐका. तुमचं पोतं कोरडं होतं. काकांना कॉम्प्युटर माझ्यापेक्षा चांगला कळत होता. चूक माझी होती.

रमणकाका, सांगितलं. तुम्ही ऐकायला असताना सांगायला हवं होतं.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.