शेषरावची बाटली

लघवीचे आठ थेंब टाकलेलं निळं द्रावण उकळता उकळता हिरवं, मग पिवळं झालं आणि विटकरी रंगावर थांबलं, म्हणजे साखर भरपूर. अकोल्याच्या दवाखान्यात पडद्याआड नळी धरून उभ्या असलेल्या नर्स सुलोचनाबाईंना पलीकडच्या खाटेवरच्या रुग्णाचं आणि त्याच्या बायकोचं बोलणं ऐकू येत होतं.

"दोन वर्सं तपासनीत निळंच निंगे तुमचं. साखर नाई म्हनत. मंग छातीचा झटका कावून आला?"

"भागीरथा, बाटलीत तुह्या भावाची लघवी राहे."

"शेषरावची? त्यानं देल्ली?"

"चहा पाजो मी त्याले. इन्सुलिनच्या सुईचं भेव वाटे."

"अन् म्या निळ्याच्या भरोशावर तुमाले पुरनपोळ्या चारल्या!"

"मस्त होत्या."

"हासू नका. साखर उतरली नाई तं दुसरा झटका सोसनार नाई, म्हनते डॉक्टर."

"डोळे मिटले का निळं पानीच दिसते. त्यात तरंगून राह्यलो मी."

"मले माह्यं पांढरं कपाळ दिसते."

नळीतला गाळ हळूहळू तळाशी बसला.

"बलाव नर्सबाईले. आजपासून सुई घेतो."