भिंतीजवळचं सरपण

नारिनला जाणारी गाडी प्रवासी भरल्याशिवाय हलणार नव्हती. माझ्या मागच्या बाकावर बुरुलचा नावाच्या वयस्कर आपा त्यांच्या शेजारी राहणाऱ्या ऐझिरेकला प्रश्नांनी भंडावत होत्या.

“तुझ्या धुराड्यातून रोज एवढा दाट धूर का गं येतो?”

“चूल पेटतच नाही आपा. नुसती धुमसते.”

“धुराड्याची झडप उघडतेस ना आधी?”

“पूर्ण उघडते.”

“राख?”

“रोज सकाळी काढते.”

“मग सरपणच ओलं असणार. दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघ. सुकी असली तर खणखणीत वाजतात.”

“नाहीच वाजत. दोन महिन्यांपूर्वी तोडलेलं झाड आहे ते.”

“अगं वेडे, मग भिंतीजवळ छपरापर्यंत रचलंयस ते कशाला? दोन उन्हाळे खाऊन कडकडीत झालंय.”

“ते नाही जाळत मी.”

“पोरगी खोकून बेजार झालीय तुझी! का नाही जाळत?”

“मॉस्कोला जाताना यांनी फोडून रचलंय ते. म्हणाले, हे संपायच्या आत परत येतो.”

गाडीत आणखी दोघे चढले. दार लागलं.

“संध्याकाळी माझ्याकडचं ने. ते संपलं तरी चालतं.”