एक्सरेतले डाग

बीडच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर मेंढपाळ म्हाळू खोकत बसले होते. त्यांची बायको रतनबाई डॉक्टरांना भेटून आली.

"काय म्हणले?"

"एक्सरेत छातीला दोन्हीकडं डाग हायेत. पण रगताचा रिपोर्ट बघून म्हणले, व्हायरल न्युमोनिया वाटतोय. बरे व्हताल."

"मग सुई?"

"सुई न्हाई. घरी पडून रहा. दम लागला तर लगेच या, म्हणले."

"आन् मेंढरं?"

"मी नेते."

"तुझं आयकतेत व्हय?"

"तुमच्यापेक्षा लई आयकतेत."

"रतने, तू लई घाबरलीवतीस ना?"

"मी? कावून घाबरू?"

"मग राती माझ्या नाकापुढं हात कावून धरत व्हतीस?"

"डास हाकीत व्हते."