चार तारांचे वळ

मंडळी, रामराम. माता-भगिनींनो, नमस्कार.

माईक हातात दिलाय. बोलायला उभा ऱ्हायलोय, ते रडू येतंय म्हणून न्हाई. राग आलाय म्हणून. आधीच सांगून ठेवतो, म्हंजे मागनं कोण म्हणायला नको की सलीमनं शोकसभेत तमाशा केला. करणार हाय. ज्याला ऐकवत न्हाई त्यानं आत्ताच उठावं.

मी सलीम. तासगावात माझं प्लायवूडचं दुकान हाय. मी ह्या गावचा न्हवं. ज्यांच्या फोटोला आपण हार घातलाय, ते हणमंतनाना माझे नात्यानं कोण न्हाईत. आमी दोघं बेस गिटार वाजवायचो, एवढंच. हौस म्हणून. दुकानाच्या मागच्या खोलीत. दोघांनाबी कवा स्टेज मिळालं न्हाई. मी मागितलंबी न्हाई. नानांनी मनातल्या मनात मागितलं असंल.

माझ्या आधी चौघं बोलले. देवमाणूस, शांत स्वभाव, सगळं खरं. पण एकानं म्हणलं, नियतीनं नानांना हिरावून नेलं. नियतीनं? आवं, नियतीच्या मनगटात कडं असतं का? नियती बूट घालून छातीवर उभी ऱ्हाते का? नानांना मारलं. ठेचून मारलं. ह्या मंडपात सगळ्यांना ठाऊक हाय आणि सगळे माना खाली घालून बसलेत.

आता ऐका. नाना तोफखान्यात होते, ह्ये तुमाला माहीत हाय. तोफांनी त्यांचे कान नेले. बारीक आवाज सगळे गेले. वैनींची हाक ऐकू यायची न्हाई, पाखरू ऐकू यायचं न्हाई. ऱ्हायलं काय? जाड आवाज. खर्ज. रस्त्याच्या वळणावर ट्रॅक्टर असला तरी नाना घरात बसून म्हणायचे, आला बघ. म्हणून पेन्शनीत आल्यावर त्यांनी बेस गिटार धरली. लोक हसले. म्हणले, म्हातारपणी काय खूळ घेतलंय. खूळ न्हवतं गड्यांनो. त्या माणसाला दुनियेतलं जेवढं ऐकू येत होतं, तेवढं त्यानं हातात धरलं.

गिटार घ्यायला आमी दोघं कोल्हापूरला गेलो. एक ऑर्केस्ट्रा बंद पडलेला, त्यांचा माल विकायला निघाला होता. मी रंग बघतोय, चकाकी बघतोय. नानांनी एकेक गिटार उचलली, तिचा कोपरा दाताला लावला, डोळे मिटले आणि जाड तार छेडली. विकणारा म्हणला, "काका, ती खायची न्हाई, वाजवायची हाय." नाना म्हणले, "बाबा, मला कानानं कळत न्हाई, हाडानं कळतं." आणि घेतली कुठली? सगळ्यात कुरूप. सगळ्यात जड. काळी, रंग उडालेली. मी म्हणलं, नाना, ह्ये काय, दाराला लावायचा अडसर हाय का? ते म्हणले, "सलीम, हिच्यात पोकळ काय न्हाई. ही दातापास्नं टाळूपर्यंत बोलती."

मग तिच्या मागं लागले. गिटारीच्या दांडीवर धातूच्या पट्ट्या असत्यात. आमी त्याला पडदे म्हणतो, सतारीवाणी. नानांनी सोल्डरिंगची कांडी तापवली, पक्कड घेतली आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळे पडदे उपसून काढले. मी वरडलो, आवं नाना, चांगल्या वाद्याचं वाटोळं का करताय? म्हणले, "पडदा आला की सूर थांबतो. मला सरकवत न्यायचाय." मोकळ्या झालेल्या खाचांत त्यांनी माझ्याच दुकानातल्या सागवानी पट्ट्या भरल्या, घासल्या, गुळगुळीत केल्या. मग मिरजेला गेले, सतारी करणाऱ्या एका घरात. तंबोऱ्याला तारांखाली असती तशी जवारीची घोडी करून आणली. ती बसवली आणि तार छेडली, तर गिटार तंबोऱ्यावाणी घोंगावायला लागली. नाना ल्हान पोरावाणी हसले. दुसऱ्या दिवशी परत आले, म्हणले घोडी जरा चढलीय. परत मिरज. लय छळलं मला त्यांनी. किती बरं वाटायचं, ह्ये आता कळतंय.

त्या गिटारीसाठी आमी दोघांनी प्लायची मोठी पेटी केली. स्पीकरची. ती तुमी सगळ्यांनी बघितलीय. पडवीत असायची. नानांनी तार छेडली की गल्लीतली भांडी बोलायची. तुमी त्या पेटीला नाव काय ठेवलं? नानाचा बेस. गावाला पेटी म्हंजे बेस. नानांना बेस म्हंजे ती गिटार. ह्या एका शब्दानं माणूस गेला.

गुलालाचा दिवस आठवा. तुमच्या पुढाऱ्यांचं, तात्यांचं पॅनल निवडून आलं. ट्रॉलीवर डॉल्बी लावली. भर दुपारी मिरवणूक निघाली आणि मधेच डॉल्बीची एक पेटी फाटली. दणका कमी पडला. तवा पोरांनी नानांना मोबाईलवर निरोप लिहून धाडला. काय म्हणले? "नाना, बेस घेऊन या. मिरवणुकीत बेस कमी पडतोय."

वैनी, तुमी मला सांगितलं ते सांगू का? सांगतो. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बुटाला पॉलिश केलं, पलटणीत करत होते तसं. तारा पुसल्या. वैनींना म्हणले, "गावानं बोलावलंय. बेस घेऊन या म्हणालेत."

गावानं बोलावलंय! आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्यो माणूस गिटार गळ्यात अडकवून तुमच्या मिरवणुकीत आला.

तुमी हसलात. "पेटी कुठाय? ह्यो काय खुंटा आणलाय?" नाना हसले न्हाईत. परतलेबी न्हाईत. कुस्तीच्या तालमीच्या भिंतीला पाठ टेकून उभे ऱ्हायले. तिथंच त्यांच्या हाडाला कळलं. तालमीची भिंत दगडमातीची, कवाची फुगलेली. डॉल्बीच्या दणक्यानं आतनं हलत होती. दगडांमधली माती झडत होती आणि खाली कट्ट्यावर तुमची पोरं बसलेली. नाना वरडले. डॉल्बीपुढं कुणाला ऐकू जाणार? हात केले. लोकांना वाटलं, म्हातारा नाचतोय. तवा ते ट्रॉलीवर चढले आणि मेन वायर उपसली.

दणका बंद. नाना म्हणले, "पोरं उठवा. भिंत येतीय."

पोरं उठली. पळाली. आणि ट्रॉलीवरच्यांनी नानांना खाली ओढलं. ज्यांचा गुलाल थांबला, त्यांनी. पहिली लाथ पोटात. दुसरी तोंडावर, जबडा निखळला. मग गळ्यातली गिटार हिसकली आणि तिनंच मारलं. मनगटात कडं असलेल्या हातानं दांडी धरून, लाकडं फोडत्यात तसं. ती जड होती, मी सांगितलं न्हवं? तिच्यात पोकळ काय न्हवतं. एकजण म्हणत होता, वाजव की आता बेस. एकजण म्हणत होता, मर भाड्या. बायकांनी तोंडाला पदर लावले. बापयांनी वाट करून दिली. रक्त दिसलं न्हाई म्हणत्यात तुमी. कसं दिसंल? सगळा रस्ता गुलालानं लाल होता.

मी तिथं न्हवतो. मग मला ह्ये सांगितलं कुणी? तुमीच. एकेकटे आलासा दुकानात. शटर अर्धं खाली ओढून, हळू आवाजात. रडलासा माझ्यापुढं. आणि ठाण्यात काय सांगितलंत? नाना ट्रॉलीवरनं पडले. तोल गेला. सगळ्यांचं एकच वाक्य, पाठ केल्यावाणी.

आता म्हणत्यात, भिंत कुठं पडली? भिंत तर उभी हाय, म्हातारा उगंच बिथरला. आरं लाज वाटू द्या! दणका थांबला म्हणून उभी हाय. का तुमाला भिंत पडलेलीच पायजे होती? चार पोरं दगडाखाली चिरडली असती, म्हंजे नाना खरे ठरले असते व्हय?

सांगलीच्या दवाखान्यात मी त्यांची कूस बदलली. पाठ बघितली. पाठीवर वळ होते. चार-चार वळ, एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर. जणू कुणी पाठीवर रेघा आखल्यात. पहिला जाड, त्याच्यापेक्षा दुसरा बारीक, मग तिसरा, मग चौथा. गिटारीच्या त्या चार तारा मी नानांसंगं बसून चढवल्यात. ट्रॉलीवरनं पडल्यावर माणसाच्या पाठीवर बेस गिटार उमटत न्हाई, मंडळी. नानांना बोलता येत न्हवतं. माझा हात त्यांनी आपल्या हनुवटीवर ठेवून घेतला. मी आपला खालच्या आवाजात काय काय बोलत ऱ्हायलो. त्यांना हाडानं कळत असंल म्हणून. मग ते गेले.

मोडलेली गिटार वैनींना तालमीमागच्या गटारीत सापडली. मी ती ठाण्यात नेऊन दिली. साहेब भला माणूस. म्हणला, "सलीमभाई, तुम्ही डोळ्यांनी बघितलं का?" मी म्हणलं, न्हाई. म्हणला, "मग ज्यानं बघितलं त्याला आणा. एकजण आणा. पुढचं मी बघतो."

तात्या, तुमी ह्या सभेचे अध्यक्ष हायसा. तुमच्या पुतण्याची ट्रॉली, तुमच्या पुतण्याची डॉल्बी. हार तुमीच घातलासा. मी नाव घेत न्हाई, कारण मी बघितलं न्हाई. पण रोज पहाटे उठल्यावर माझ्या मनात काय येतं सांगू? दुकानातली पहार घ्यावी आणि ह्या गावात यावं. त्या कड्याचा हात मनगटापास्नं तोडावा. येतं मनात. खोटं कशाला बोलू? मी नमाजी माणूस हाय, अल्लानं माफ करावं.

ए, माईक बंद करू नको. बंद केलास तरी बोलीन. बस खाली.

थोडक्यात आवरतो. आता प्रथेप्रमाणं मी म्हणायला पायजे की दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळू या. म्हणणार न्हाई. तुमची शांतता गुलालाच्या दिवसापास्नं चालूच हाय. आणखी शांतता नानांना नको. त्यांना तशीबी जनमभर पुरली.

नाना, सलाम. मी आता तुमच्या गावाला एवढंच विचारतो आणि निघतो.

बाहेर माझा टेम्पो उभा हाय. प्लाय वाहतो त्यो. हितनं थेट ठाण्यात जातोय. मागं लय माणसं मावत्यात. ज्यांनी बघितलं, त्यांनी चपला घालाव्यात. रिकामा न्यायला लावू नका मला.

कोण? कोण उठलं तिकडं, बायकांत?

आक्का, तुमचं पोरगं होतं न्हवं कट्ट्यावर? तात्यांकडं बघू नका. हिकडं बघा. या. वैनी, तुमी आक्कांचा हात धरा.

टेम्पोचा मागचा फाळका खाली घ्या रं कुणीतरी. आणखी दोघी उठल्यात.