अलमिता आमच्याकडे येत नाही

—नाही हो बाई, नाही येत. मागे तुमच्या ऑफिसातला तो उंच साहेब पाखरं मोजायला आला होता, त्यालाही हेच सांगितलं, आज तुम्हालाही हेच सांगते, आणि उद्या खुद्द गव्हर्नर घोड्यावर बसून आला तरी त्यालाही हेच सांगेन — आमच्या अंगणात अलमिता येत नाही. आधी बसा तरी! एवढा डोंगर चढून आलात, तोंड बघा कसं लालेलाल झालंय — तिकडे नको, तिथं कोंबड्यांनी घाण केलीय — इकडे बसा, माझ्याकडे तोंड करून. झाडाकडे काय बघायचंय? पांगारा आहे तो, शहरात बघितला नाहीत का कधी पांगारा? कॉफी घ्या. आमच्याच मळ्यातली आहे, दालचिनी नि गूळ घातलाय. साखर किती, कमी की जास्त, असलं आम्ही पाहुण्याला विचारत नाही, गोडच देतो. आणि तो कॅमेरा ठेवा की हो खाली, तान्हं पोर घेतल्यासारखा काय मांडीवर धरलाय.

तुमच्या त्या साहेबाचं काय झालं सांगू? माणूस वाईट नव्हता, माझ्या हातच्या दोन भाकऱ्या घेवड्याच्या उसळीबरोबर खाऊन गेला, वर मिरचीचा ठेचा मागून घेतला — पण शहाणपण नडलं त्याला. त्याला वाटलं, गावच्या लोकांशी गावच्या शब्दात बोलावं. पुस्तकातलं ते लांबलचक नाव कोणाला कळणार, म्हणून खाली दुकानात विचारून आला — तो अंगठ्याएवढा, डोक्यावर नारिंगी तुरा असलेला हमिंगबर्ड, त्याला तुम्ही काय म्हणता? ते म्हणाले, अलमिता. झालं! हा निघाला घरोघर, प्रत्येक बाईला आमच्यासारखं मानानं ‘दोन्या’ म्हणत — ‘दोन्या, तुमच्याकडे अलमिता येतो का?’ आता अलमिता म्हणजे काय? इवलासा आत्मा! बाकीचे हमिंगबर्ड नुसते पक्षी, हिरवे निळे कसले कसले, ढीगभर असतात, फुलं चोखतात नि जातात, त्यांच्याकडे कुत्रंसुद्धा मान वर करून बघत नाही — पण हा तुरेवाला आला म्हणजे घरातलं गेलेलं माणूस भेटायला आलं. मग आता तुम्हीच सांगा, परक्या माणसासमोर, स्वतःच्या दारात उभं राहून कोण म्हणेल की नाही बाबा, आमचा मेलेला काही आमच्याकडे फिरकत नाही? अब्रूचा प्रश्न आहे हो! लोक काय म्हणतील — जिवंतपणी असं काय केलंत त्याचं, की मेल्यावर ढुंकून बघत नाही? म्हणून सगळे म्हणाले, येतो तर, रोज येतो. माझी कोमाद्रे क्लेओफास — माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला तिनंच त्याला मांडीवर घेतलं होतं, तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे, सख्ख्या बहिणींपेक्षा जवळच्या नि भांडायलाही तशाच — ती म्हणाली, माझा सिप्रियानो सकाळ-संध्याकाळ येतो. सिप्रियानो! जिवंत होता तेव्हा कोंबडा आरवल्याशिवाय त्याला घराचं दार सापडत नव्हतं! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ना, याची खरंच मेल्यावर गेली. आणि तो म्हातारा आबुंदियो, त्याच्या तर दोन्ही बायका येतात, पहिली नि दुसरी, एकाच फांदीवर, भांडत. हसा, हसा, मीही हसले होते. साहेब मात्र मान खाली घालून लिहीत होता — या घरात रोज, त्या घरात दोन वेळा. मग वर काय कळवलं त्यानं? तुम्हीच तर सांगितलंत आत्ता, की गावात पक्षीच पक्षी, मुबलक, कायद्यानं राखायची काही गरज नाही.

आणि तुम्हाला ते पटलं नाही. बरं झालं, एकीला तरी पटलं नाही. तुम्ही म्हणता, वरच्या रानात किती दिवस फिरले, ओढ्याकाठी फिरले, एक दिसला नाही, मग हे लोक बघतात कुठे? मग कोणीतरी तुम्हाला सांगितलं की साऱ्या गावात एक एर्मेलिंदा तेवढी ‘नाही’ म्हणाली, आणि तुम्ही धावत माझ्याकडे — की बाई, तुम्ही एकट्याच खरं बोलणाऱ्या. मी! अहो, मला खरं बोलणारी म्हणाल तर क्लेओफास हसून हसून खुर्चीतून पडेल. — हो, ते कळलं मला, मघाशीच कळलं, अगदीच अडाणी नाही मी. पुष्कळ असले तर कायदा म्हणणार, पुष्कळ आहेत, कशाला राखायचे? आणि एकही नसला तर म्हणणार, नाहीतच, राखायचं कोणाला? म्हणजे थोडे हवेत, पण हवेत. इकडे आड नि तिकडे विहीर. आणि परवाच्या बैठकीत रान राखायचं का ते ठरणार, आणि नाही ठरलं तर ते लाकूडवाले ट्रक घेऊन खाली उभेच आहेत — वरचं रान गेलं की झरा गेला, झरा गेला की आमची कॉफी गेली, कॉफी गेली की आम्ही तरी इथं काय दगड चाटायचे? एवढं सगळं एका अंगठ्याएवढ्या पाखरावर! एक दिसला तरी पुरे म्हणता. एक फोटो. समजतंय हो. पण माझ्याकडे नाही, तर मी कुठून आणू?

एक विचारू? राग नका मानू. तुमच्या कायद्यात हे कसं ठरवतात, की आता नाहीच उरला म्हणून? म्हणजे किती वर्षं दिसला नाही की तुम्ही म्हणता, संपला? — अस्सं. आहे वाटतं नियम. असणारच, सगळ्याला असतो. जिल्ह्याच्या गावी तो वकील आहे ना, टकलू, घास धरल्यासारखं तोंडातल्या तोंडात बोलतो — तोही मला असंच सांगत होता. दोन्या एर्मेलिंदा, ठराविक वर्षं गेली, आता तुम्ही मागितलंत तर मेला असं धरता येईल, सरकारकडून काही मिळेल. धरता येईल! मी म्हटलं, तुझ्या आईला विचार कोणाला धरायचं ते. ...नाबोर. माझा मुलगा नाबोर. गाडी चालवतो — इथून खाली किनाऱ्याच्या बाजूला माणसं, कोंबड्या, कॉफीची पोती, सगळं कोंबून नेतो. चालवतो म्हणते मी, चालवायचा म्हणत नाही, गावात सगळ्यांना माहीत आहे, माझ्यासमोर कोणी तसं बोलत नाही. एका सकाळी गेला. गाडी पुलाजवळ सापडली, दार उघडं, रेडिओ चालू. कोणी नेलं, का नेलं, कोणी सांगत नाही, ज्यांना माहीत आहे तेही सांगत नाहीत. इथं नका विचारू जास्त, तुमच्यासाठीच सांगते. देखणा आहे हो. असा उंच, केस कितीही चापूनचोपून बसवले तरी पुढे हे एवढे उभेच राहतात. आंघोळ करून आला तरी उभे! मी तोंड धुताना ओल्या हातानं दाबायची, वळला की परत उभे.

म्हणून तर नाही म्हणाले मी साहेबाला! एवढं सोपं आहे, आणि तुम्ही इतक्या शिकलेल्या — अहो, अलमिता कोणाकडे येतो? मेलेल्याच्या घरी. मग माझ्या घरी कशाला येईल? माझं कोण मेलंय? नवरा मेला, तर त्याला त्याच्या आईच्या गावी पुरलाय, तो तिकडे जात असेल, आईचाच होता तो. इथं एकदा कोणाकडे आला ना, की लगेच सगळं गाव दारात. मेणबत्ती, गोड पाव, चॉकलेटचं पातेलं, आणि नऊ दिवस प्रार्थना. नऊ दिवस बायका येऊन बसणार, ‘देवा, त्याला शांती दे’ म्हणणार, आणि मी आमेन म्हणायचं? क्लेओफास तर मेणबत्ती आणूनच ठेवून बसलीय, मला माहीत आहे, कपाटात वरच्या फळीवर. तिचं वाईट नाही मनात. म्हणते, एर्मे, एकदा रडून घे गं, मोकळी हो. मी म्हटलं, तू हो मोकळी. ज्यांची पोरं अशीच नेलीत, त्या बाकीच्या आयांबरोबर मी दर महिन्याला रानात जाते. लोखंडी सळई असते एकेकीकडे, जमीन भुसभुशीत दिसली की खुपसायची, बाहेर काढून वास घ्यायचा, खाली कोणाला पुरलंय का ते कळतं. मी बाकीच्यांची पोरं शोधायला जाते हां. त्यांना मदत म्हणून. माझं तिथं काही नाही.

घ्या ना कॉफी, गार झाली. — फुलं? हो, कमीच आहेत झाडावर यंदा. तोडली मी. खातो आम्ही पांगाऱ्याची फुलं, अंड्यात परतून, छान लागतात, तुम्हाला आवडली असती. सगळा आठवडा तेच केलं, सकाळी अंडं नि फुलं, रात्री अंडं नि फुलं, कोंबड्यासुद्धा कंटाळल्या माझ्यावर. वरची राहिलीत तेवढी, माझा हात पोचत नाही, शिडीवर चढले तर क्लेओफास बघेल नि विचारेल — पण त्यालाही वरची नकोच असतात, त्याला ती खिडकीजवळची खालचीच — कोणाला म्हणजे? कोणाला काय! भुंग्याला. भुंगे येतात हो, काळे, मोठे, गुंईं करत. एक तर इतका निलाजरा आहे, कपडा झटकला तरी जात नाही, हात वर केला की हातभर मागे सरकतो नि हवेतच थांबून बघतो. तोंडाकडे बघतो. सकाळी मी तवा ठेवला की आलाच. झाड तोडणार होते मी, कुऱ्हाडसुद्धा मागून आणली होती. नाही झालं. झाड त्यानंच लावलेलं, नाबोरनं, एवढीशी फांदी खोचली होती, शाळेत जायचा तेव्हा. आल्यावर विचारलं त्यानं, आई, माझं झाड कुठंय, तर काय सांगू?

तुम्ही वही का काढलीत? मी काय बोलले? भुंग्याबद्दल तर बोलले. लिहू नका ते. अहो, भुंगा लिहून काय करणार! बसा हो — मागे वळून काय बघताय, माझ्याकडे बघा, मी बोलतेय ना तुमच्याशी. वारा आहे तो. इथं दुपारी सुटतोच वारा. ...नाही, हा तो आवाज नाही. तो वेगळा असतो. बाई, ऐका माझं — पोरी, तुझ्या पाया पडते, वळू नकोस — तो कॅमेरा — हुश्! हाड! जा! जा म्हणते ना, कशाला येतोस रे मेल्या, कोणी बोलावलंय तुला इथं, जा, जा —

गेला.

काही नव्हतं. दचकलात ना? एवढासा भुंगा नि केवढा आरडाओरडा केला मी, म्हातारं माणूस, डोकं ठिकाणावर नसतं. पुसा ते, कॉफी सांडली तुमच्या अंगावर, थांबा, फडकं देते... काय म्हणालात? कसला तुरा?

नारिंगी.

तुम्हाला दिसला? तुमच्या डोळ्यांना? थांबा, नीट सांगा, घाई नका करू. तुरा — उभा? असा, पुढून उभा? ...मला वाटायचं मलाच दिसतो. खरं सांगते, आईशपथ, मला वाटायचं माझ्या डोक्यातलंच आहे. दिवसभर एकटी असते मी, मनात तेच तेच, तर डोळ्यांना तेच दिसणार, त्यात काय नवल! वेडी झालेली परवडली असती हो मला. वेडी तर वेडी, कोणाचं काय गेलं असतं? पण तुम्ही तर बाहेरगावच्या. तुमचं इथं कोणी नाही ना हरवलेलं? मग तुम्हाला कसा दिसला?

आला का तो फोटोत? नाही, दाखवू नका. लांब धरा. ...आला म्हणता. स्पष्ट. पुसून टाका म्हणू तर कशी म्हणू, त्या रानातलं पाणी मीच पिते, सगळं गाव पितं. आणि ठेवा म्हणू, तर — नाही. मला नका विचारू. तुम्ही ठरवा, तुमचं कामच आहे ते, कोण आहे नि कोण नाही ठरवायचं. माझ्या तोंडून नका वदवून घेऊ. उठा तुम्ही. उठा, निघा.