थेरपी लेकीची, बोलती बंद माझी

...आणि वर पोरीची थेरपीवाली मलाच म्हणते, तुम्ही फार बोलता! मला! म्हणजे बघा, पैसे मी भरायचे, पोरीला घेऊन दोन बस मी बदलायच्या, आणि सुधारायचं कुणी? तर मीच! नाही, तुम्ही ऐका तर खरं. तुम्हाला सांगतो, माझं सलून आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, कोपऱ्यात पंखा. आता केस कापता कापता माणूस बोलणार नाही तर करणार काय? समोरच्याच्या गळ्याभोवती कापड मी बांधलेलं, कात्री माझ्या हातात, उठून जायची त्याची हिंमत नाही... असे श्रोते ज्याला रोज मिळतात, त्याला गप्प बसायची सवय लागेल कशी?

तर आमची लेक. सहा वर्षांची. शाळेत नाव वेगळं आहे, घरात आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण आनंद झाला की ती स्वतःभोवती गरागरा फिरते. तिला चक्कर येत नाही, बघणाऱ्याला येते. आणि बोलत नाही. एक शब्द नाही! गिऱ्हाइकं म्हणायची, घरातले सगळे शब्द बापानंच संपवले, पोरीला उरले कुठे? मी हसायचो. हसताना कात्री जरा जोरात चालायची, एवढंच.

मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला ऑटिझम आहे. घाबरू नका म्हणाले, पण बिहेवियर थेरपी सुरू करा. म्हणजे काय, तर रोजचं वागणं, मागणं, सांगणं हे सगळं लहान लहान पायऱ्या करून शिकवायचं. आणि लवकर सुरू करा, जितकं लवकर तितकं चांगलं. म्हटलं, बरं.

लगेच मोठ्या सेंटरला फोन लावला. तिकडची मुलगी काय गोड बोलते हो, फोन कानाला चिकटायची भीती! "सर, आम्ही तुमचं नाव वेटिंग लिस्टवर घेतलंय." म्हटलं, नंबर कधी लागेल? "सर, साधारण दोन वर्षांनी." अहो, डॉक्टर म्हणाले लवकर! "हो सर, म्हणूनच तर नाव आजच घेतलं." आता यावर माणूस काय बोलणार? म्हटलं, बरं.

मग सल्ले सुरू झाले. वहिनी म्हणाली, लाडानं बिघडलीय. शेजारचे काका म्हणाले, आमचा पुतण्यासुद्धा उशिरा बोलायला लागला, आता थांबत नाही. दाढी करायला आलेला एक जण म्हणाला, कुत्रा पाळा. दुसरा, अर्ध्या चेहऱ्यावर फेस, म्हणाला, अजिबात नको, मासे पाळा! आणि माझी अवस्था अशी की मी संध्याकाळी घरी जाताना खरंच माशांच्या दुकानासमोर थांबलो. काचेला नाक लावून. माशांना बघत. काय करणार, बुडत्याला... जाऊ दे, माशांवरून पुन्हा पाण्यात नको शिरायला.

मधे एक गॅरंटीवाला भेटला. तीन महिन्यांत मूल नॉर्मल, लेखी गॅरंटी! ऑफिस असं की माझं सलून त्याच्या सोफ्यात मावेल. तो बोलत होता, मी मान डोलावत होतो, कारण बोलणारा माणूस मला पहिल्यापासून आवडतो. भिंगरी खिडकीपाशी पडद्याची दोरी गोल गोल फिरवत उभी होती. आणि आमची ही, माझी बायको, जी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघते, ती एकदम म्हणाली, "तुम्ही हिच्याकडे एकदा तरी बघितलंत का?" खरंच बघितलं नव्हतं हो त्यानं. आम्ही उठलो. बाहेर आल्यावर मी म्हटलं, अगं पण लेखी गॅरंटी... तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. म्हटलं, बरं.

आणि मग तो कानाचा प्रकार झाला. भिंगरी सकाळपासून डोकं भिंतीवर आपटत होती. आम्हाला वाटलं, चिडलीय. पंखा लाव, पंखा बंद कर, खाऊ दे, बाहेर ने... दुपारी ताप चढला तेव्हा कळलं, कानात पू झालाय. डॉक्टर म्हणाले, फार दुखलं असणार. फार दुखलं असणार! आणि ती सांगणार कशी? आम्ही दोघं तिथेच, एका हाताच्या अंतरावर, आणि पोर एकटी. त्या दिवशी मी सलून उघडलं नाही. बोललोही नाही, हे खास सांगतो. बायको एवढंच म्हणाली, "ती बोलली नाही तरी चालेल. दुखतंय एवढं कळू दे आपल्याला."

आता गंमत बघा. थेरपीवाली भेटली कुठे? चष्म्याच्या दुकानात! एक पोरगेली बाई चष्मा दुरुस्तीला घेऊन आली. काडी पार चावून चोथा केलेली. बायकोनं विचारलं, कुत्र्यानं का? ती म्हणाली, नाही, विद्यार्थ्यानं. आणि राग नाही हो, कौतुकानं! म्हणाली, आधी तो मलाच चावायचा, आता चष्म्यावर आलाय, मोठी प्रगती आहे. बायकोनं काउंटरवरूनच तिचा हात धरला. काडी फुकट बदलून दिली, मालकाला न विचारता. त्या बाईंकडे एक जागा तेव्हाच रिकामी झाली होती. आम्ही त्यांना ताई म्हणतो. वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान आहे, पण फी मोठी आहे.

फी! आता फीचं ऐका. विम्यावाल्याकडे गेलो. तो म्हणाला, यात औषध नाही, इंजेक्शन नाही, हे शिकवणं झालं, शिक्षणवाल्यांकडे जा. शिक्षणवाल्यांकडे गेलो. ते म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग हे उपचार झाले, विम्यावाल्यांकडे जा. मी म्हटलं, तुम्ही दोघं एकदा एकमेकांना भेटा ना, मी चहा पाजतो! दोघांनाही वेळ नव्हता. म्हटलं, बरं. मोटारसायकल विकली. तिची किक तशीही लागत नव्हती, असं मी सगळ्यांना सांगतो. लागत होती. पहिल्या किकला लागायची.

पहिल्या दिवशी त्यांच्याकडे गेलो, तर ताई सरळ जमिनीवर बसल्या. पर्समधून काय काढलं? साबणाचे फुगे! तासभर फुगे! आणि मी मनात, मोटारसायकल चालली साबणातून उडत... पण भिंगरी त्यांच्याजवळ सरकली. फुगे थांबले की त्यांच्या तोंडाकडे बघायची. माझ्या तोंडाकडे पोरगी कधी बघत नाही, आणि हे चोवीस तास चालू असतं! मी शेजारी उभा राहून मदत करत होतो. म्हणजे बोलत होतो. बघ भिंगरी फुगा, केवढा मोठा फुगा, गेला बघ फुगा, फुटला का ग फुगा, आता दुसरा... तेव्हा ताई म्हणाल्या, "तुम्ही फार बोलता. तिला त्यातला शब्द सापडत नाही. एका वेळी दोनच शब्द बोला." दोन! तुम्ही माशाला सांगाल का, पाणी दोनच थेंब? पण बायको हसली हो. तोंडावर हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कानाच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा. म्हटलं... बरं. दोनच शब्द झाले, बघा.

मग आलं कार्ड. हाताएवढं, त्यावर उघड्या पंजाचं चित्र, खाली लिहिलेलं, पुरे. नियम असा की भिंगरीनं कार्ड हातात दिलं की जे चाललंय ते तिथल्या तिथे थांबवायचं. घासणं असो, भरवणं असो, कपडे चढवणं असो. म्हटलं, ताई, अशानं ती कधी दातच घासणार नाही! त्या म्हणाल्या, थांबवता येतं हे एकदा कळलं, की थोडं थोडं सोसायला ती आपणहून येईल. आधी तिचं ऐकलं जातंय, हे तिला कळू दे. आणि ती गोल फिरते ते? ते कशाला थांबवायचं, तो तिचा आनंद आहे. हे मात्र मला लगेच पटलं.

पहिले काही आठवडे कार्ड चावून झालं, सोफ्याखाली टाकून झालं. आणि एक दिवस मी दोन शब्दांचा नियम मोडला. सलूनमध्ये भांडण झालेलं, ते बायकोला सांगत होतो, अगदी रंगात, तो असं म्हणाला, मग मी तसं म्हणालो... आणि हातात काहीतरी कोंबलं कुणीतरी. खाली बघतो तर भिंगरी. आणि हातात पंजा. पुरे! मी तोंड मिटलं. वाक्य अर्धवट, भांडण अर्धवट! ती वाट बघत राहिली, मी खरंच थांबतोय का ते. मी थांबलो. मग तिनं एक गिरकी घेतली, अशी गिरकी... तुम्हाला सांगतो, लेकीनं आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी सांगितलं, आणि काय सांगितलं? गप्प बस! मी रडलो. आवाज न करता, कारण कार्ड हातात होतं.

आणि मागच्या महिन्यातलं ऐका. भिंगरी जेवण सोडून आली. कार्ड मला दिलं. मी आधीच गप्प होतो! म्हटलं, काय बाई, आता श्वास पण नको का? तिनं कार्ड परत घेतलं, आणि माझ्याकडे बघत, अगदी सरळ बघत, स्वतःच्या कानावर दाबून धरलं.

पुरे.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ताईंनी नाही, आम्ही नाही. बायकोनं हातातलं ताट तसंच ठेवलं, आणि आम्ही तिघं टॅक्सीनं डॉक्टरकडे. त्यांनी कानात बघितलं, सुरुवातच आहे म्हणाले, थेंब दिले, विषय संपला. परत येताना भिंगरी टॅक्सीत झोपली. आणि मी काहीही बोललो नाही, तर ड्रायव्हरनं विचारलं, साहेब, काही वाईट बातमी आहे का?

ताई खूष झाल्या. म्हणाल्या, फारच छान, आता तास वाढवू या. म्हणजे फी वाढवू या! मी त्याच विवंचनेत सलूनमध्ये होतो, त्या कार्डाची गोष्ट एका जुन्या गिऱ्हाइकाला सगळी सांगितली, पहिल्यापासून, आताच तुम्हाला सांगितली तशी. त्यानं आरशातून शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, असलं एक कार्ड इथेही ठेवा ना. मी चेष्टेत एक बनवून आरशाला अडकवलं. आता लोक खुर्चीत बसतात आणि आधी तेच हातात घेतात. गर्दी एवढी वाढलीय की रविवारी बाहेर उभं राहावं लागतं. ताईंची वाढीव फी त्यातूनच निघते... गप्प बसून मी एवढं कमावेन, हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तरी मी त्याला मधेच तोडून दुसरं काहीतरी सांगत बसलो असतो, त्याला काय करणार!