तिसरा वाटा कुणाच्या नावावर?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, मुरुमच्या बाजारपेठेत ज्यांच्या शब्दाला आजही मान आहे ते आदरणीय शिवानंदअप्पा. व्यासपीठावर शेजारी शेजारी बसलेले 'बेनीतुरा अवजारे प्रायव्हेट लिमिटेड'चे दोन संचालक बब्रुवानराव आणि विरुपाक्षअप्पा. आज संचालकपदाचा निरोप घेणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती कडूबाई. कारखान्यातले सर्व कामगार बंधुभगिनी, दूरदूरहून आलेले शेतकरी मित्र, आणि मागच्या दाराशी उभ्या असलेल्या माताभगिनींनो. पुढं खुर्च्या रिकाम्या आहेत, या की.

मी गोपाळकृष्ण. धाराशिवला कंपन्या नोंदवून देण्याचं काम करतो. अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, ते मी पाहिलं आहे. तेव्हा वेळेत संपवीन.

सत्काराच्या भाषणात गुण सांगायचे असतात. कडूबाईंचे गुण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. इथल्या प्रत्येक पेरणी यंत्राला शेवटचा रंगाचा हात त्यांचा असायचा. मी फक्त एका दुपारची हकीकत सांगतो. त्या दुपारी ही कंपनी होता होता मोडली असती. कशी वाचली, याचं कुतूहल मला अजून आहे.

सहा वर्षांपूर्वी हे तिघं माझ्या कार्यालयात आले. तोवर धंदा दोघा मित्रांच्या भागीदारीत चालला होता. बब्रुवानराव फिटर. लोखंड वाकवायचं ते काम यांचं. विरुपाक्षअप्पा विक्री सांभाळायचे, अगदी कर्नाटकातल्या गावांपर्यंत. मी विचारलं, "कंपनी कशाला हवी?" अप्पा म्हणाले, "सायेब, यंत्र फिरतं हाय. उद्या कुणाचं काय बरंवाईट झालं, तर दावा आमच्या घरावर नको."

म्हटलं, बरोबर आहे. कंपनीत जेवढं भांडवल घातलं, तेवढ्यापुरतीच तुमची जबाबदारी. घर बाजूला राहतं. कंपनी ही कायद्यानं वेगळी व्यक्ती असते.

 बब्रुवानराव खुर्चीत पुढं सरकले. "व्यक्ती म्हंजी? माणूस?"

"कायद्यापुरता माणूसच."

"तिला आधार कार्ड असतं?"

"पॅन कार्ड असतं."

"जन्मतारीख?"

"नोंदणीच्या प्रमाणपत्रावर असते."

"आन् मरण?"

म्हटलं, "आपोआप येत नाही. संचालक बदलतात, भागधारक बदलतात, कंपनी राहते."

ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले. बब्रुवानराव आणि कडूबाई या दांपत्याला मूलबाळ नाही, हे मला नंतर कळलं. आपल्या मागं या कारखान्याचं काय, हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नसेल. पण ते माझ्याकडं आले होते तो प्रश्न घेऊन. तुम्हीच सांगा, इतक्या वर्षांत मी शेकडो जणांना हे वाक्य ऐकवलं. मरण नसलेल्या या माणसाकडं इतक्या आशेनं कुणी पाहिलं होतं का? मला तरी आठवत नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. मी विचारलं, "भाग कुणाचे किती?" दोघं एका दमात म्हणाले, "तीन वाटे. एक ह्याचा, एक माजा, एक देवीचा."

मला वाटलं देवी म्हणजे कुणी बहीण असेल. "त्यांचं पूर्ण नाव?"

"तुळजाभवानी," बब्रुवानराव म्हणाले.

हसू नका. आपल्या जिल्ह्यात हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. धंदा सुरू झाला त्या दिवसापासून या दोघांनी देवीला तिसरी भागीदार मानलं होतं. तिच्या वाट्यातून कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांना जेवण द्यायचे. आणि तिचं दुसरं एक काम होतं. या दोघांचं जमलं नाही, की निकाल तिचा.

पद्धत अशी होती. देवीच्या तसबिरीपुढं वाटी ठेवायची. बब्रुवानरावांनी आपल्या हातानं एक सुपारी टाकायची, तिला हळद. अप्पांनी एक टाकायची, तिला कुंकू. वर फडकं. मग कडूबाईंनी डोळे मिटून फडक्याखाली हात घालायचा आणि एक सुपारी काढायची. ज्याची निघेल त्याचं खरं. नवं लेथ घ्यायचं की जुनं दुरुस्त करायचं, कुणाला कामावर ठेवायचं, पत्र्याची जाडी किती, असले किती तरी वाद त्या वाटीत मिटले.

मला मात्र आता नाही म्हणणं भाग होतं. म्हटलं, कायदा देवतेलाही व्यक्ती मानतो, तिच्या नावावर जमीन असू शकते. पण तिच्या वतीनं व्यवहार बघणारा अधिकृत माणूस लागतो. तो आपण घरबसल्या नेमू शकत नाही. देवीच्या वतीनं सही कोण करणार?

"म्या करतो की," बब्रुवानराव म्हणाले.

अप्पा उसळले. "व्वा! म्हंजी तुजे दोन वाटे, माजा एक? लई शाना हाईस."

"मंग तू कर."

"म्या केली तर तू दुसऱ्या दिवशी बोंबलत फिरशील."

मी सुचवलं, देवीला नमस्कार करून दोघांचे निम्मे निम्मे भाग करू. यावर दोघांचं लगेच एकमत झालं: नको. अप्पा म्हणाले, "निम्मे निम्मे केलं तर पैल्याच भांडणात कंपनी उभी ऱ्हाती, सायेब. आमी एकमेकाला वळखतो." हे अगदी खरं होतं. दोन सारखे भाग आणि मधे कुणीच नाही, अशा कंपन्या बंद पडलेल्या मी पाहिल्या आहेत. बब्रुवानराव उठले. "देवी नसंल तर मला बी नको कंपनी. चला घरी."

अप्पाही उठले. कागद टेबलावर तसेच. माझ्या डोळ्यांपुढं या दोघांची भागीदारी त्या उंबऱ्यावर संपत होती. कारण वाद आता खुद्द देवीवरून होता, आणि तो वाटीत टाकता येणार नव्हता. मी नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "मग सुपारी जो हात काढतो, त्या हाताच्या नावावर करा."

बब्रुवानराव म्हणाले, "ती माजी बायको हाय, सायेब. ह्याला कसं चालंल?"

विरुपाक्षअप्पा खाली बसले. आणि हसायला लागले. "मला लई चालतंय. बब्रू, तुजं हात कवा धुतल्यालं असतेत का रं?"

"म्हंजी?"

"तुजी सुपारी ग्रीसनं बुळबुळीत. माजी कोरडी. वैनीला डोळं उघडायचं कामच न्हाय. पैल्याच वर्षी म्या बघितलं, वैनी दोन्ही सुपाऱ्या चाचपून मंग एक काढायच्या. तवाच समजलो."

 बब्रुवानरावांनी हळूच मान वळवली. "व्हय गं?"

कडूबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "देवीनं डोळं झाकाया सांगितलं हुतं. डोकं झाका म्हनली न्हाय."

"आन् तुला ठावं हुतं तर तू गप का बसलास?" बब्रुवानरावांनी अप्पांना विचारलं.

"कारण वैनीचं चुकत न्हवतं. आन् तुज्या बाजूनं कमी, माज्याच बाजूनं जास्त निघायचं. मला काय बोंबलायचं हाय?"

आता मंडळी, एखाद्याला राग आला असता. ज्याला आपण देवीचा कौल म्हणत होतो तो घरातल्याच माणसाचा निघाला, हे पचवायला सोपं आहे का? बब्रुवानराव उठले. माझ्या कार्यालयाच्या मागं हात धुण्याची जागा आहे, तिकडं गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. साबण लावून, कोपरापर्यंत हात धुऊन ते परत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हिला आधार कार्ड हाय ना? घ्या लिहून."

कडूबाई म्हणाल्या, "मला इचारा की आधी."

"बरं. हुतीस का?"

"व्हते. पन कोजागरीचं जेवण तसंच चालू ऱ्हाईल. ते तिचंच हाय."

अशी कंपनी झाली. दोघांचे सारखे भाग, आणि मधे थोडेसे कडूबाईंचे. तिघं संचालक. तुम्ही विचाराल, तो देवीचा कौल होता की कडूबाईंचा? मी याचा पुष्कळ विचार केला. ज्या व्यक्तीला शरीर नाही, तिला कुणाच्या तरी हातानंच बोलावं लागतं. कंपनीचंही तेच आहे. संचालकांच्या सहीशिवाय तिला एक शब्द बोलता येत नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच, की हात कुणाचा आहे.

आणि म्हणूनच आजचा दिवस अवघड आहे. कडूबाईंच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, रंगाचा वास त्यांना सोसत नाही. संचालकपद सोडायचं त्यांनी ठरवलं, आणि भागही दुसऱ्याला द्यायचे ठरवले. कुणाला? हे आज सकाळपर्यंत ठरलं नव्हतं. कामगारांमध्ये काळजी होती, ती मला ठाऊक आहे. मधला वाटा कुठं झुकतो, त्यावर तुमचे पगार अवलंबून आहेत.

सकाळी बैठक झाली. बब्रुवानराव म्हणाले, विरुपाक्षच्या मुलीला द्या, भैरवी शिकलेली आहे. अप्पा म्हणाले, न्हाय, बब्रूच्या पुतण्याला द्या, शंभू कारखान्यातच वाढला. दोघं आपापलं माणूस पुढं करायचं सोडून दुसऱ्याचं माणूस पुढं करत होते, आणि तरीही भांडत होते! मला हसावं की काय, कळेना. आवाज इतका चढला, की बाहेर कामगारांनी वेल्डिंग थांबवलं.

कडूबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भैरवी आली तर ती बापाला न्हाय म्हनताना दहा बार इचार करील. शंभूबी तसाच. ह्या जागंला तुमचं कुणी नको. मी तुमची हुते, म्हनून मला लई जड गेलं."

आणि त्यांनी जुळणी विभागातल्या राजेश्वरीला बोलावणं पाठवलं. गेल्या वर्षी पत्रा पातळ वापरू नका म्हणून जिनं दोन्ही मालकांना तोंडावर सुनावलं आणि यंत्रं परत खोलायला लावली, तीच राजेश्वरी. दोघांच्याही नात्यात नाही, गावातलीही नाही. राजेश्वरी घाबरून म्हणाली, "काकू, मला ह्यातलं काय कळतं?" कडूबाई म्हणाल्या, "न्हाय म्हनायला येतं ना? बाकीचं सायेब शिकवतील."

बब्रुवानरावांनी अप्पांकडं पाहिलं, अप्पांनी बब्रुवानरावांकडं. यावेळी दोघांची सही एकदमच झाली. भाग हस्तांतराचे कागद माझ्या बॅगेत आहेत, आणि राजेश्वरीताई तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसल्या आहेत. त्यांनी आता वर बघायला हरकत नाही.

कडूबाई, निरोपाला एवढंच सांगतो. तुमच्या कंपनीची कागदपत्रं मी केली, पण कंपनी म्हणजे काय ते मला तुम्ही दाखवलंत. तुमचे डोळे लवकर बरे व्हावेत.

संयोजकांनी बोलावलं, अध्यक्षांनी घड्याळाकडं दुर्लक्ष केलं आणि तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकलंत, यासाठी मनापासून आभारी आहे. घरातली गोष्ट चारचौघांत बोलून गेलो. त्यात काही कमीजास्त झालं असेल, तर या तिघांनी आणि आपण सर्वांनी उदार मनानं सांभाळून घ्यावं. राजेश्वरीताई, तुम्ही मात्र उगाच सांभाळून घेऊ नका. चुकलं असेल तर सांगा. आता तेच तुमचं काम आहे.

नमस्कार.